सूर्यफूल, बुरशी आणि गावकी

वनस्पतींचे रोग शिकलेल्या माणसाच्या घरात नमुने साठत जातात. सुकलेली पानं, कुजलेली मुळं, डबीतली माती. माझ्याकडेही साठली. पण त्याहून जास्त किस्से साठले. नमुन्यांवर लेबल लावून ते कपाटात ठेवता येतात, किश्श्यांचं तसं नसतं. मैत्रिणी जमल्या की कोणीतरी म्हणतंच, "सई, तुझ्या सूर्यफुलांचं सांग ना," आणि सगळ्यांचा चहा गार होतो.

मी शिकायला हरियाणात होते. तिथे हॉस्टेलच्या गच्चीवर बसून मी एक चित्र रंगवलं होतं. पेण-रोह्याकडची शेतं भात कापल्यावर बरीचशी रिकामी पडतात. थोडीफार वालाखाली जातात, बाकीच्यांत गुरं फिरतात. त्या रिकाम्या शेतांत सूर्यफूल लावायचं, गावातच घाण्यावर तेल काढायचं, बाहेरून पिशवीतलं तेल आणायचंच नाही. सूर्यफुलाला बुरशीचे रोग फार, पण त्यासाठी मी होतेच की. देवळासमोर शेतकरी गोल बसलेत, मी रोग समजावून सांगतेय आणि मागे पिवळंधमक शेत डोलतंय, असं ते चित्र होतं.

प्रत्यक्षात देवळासमोर शेतकरी बसले. अर्धा तास मी बोलले. मग पहिला प्रश्न आला.

"म्याडम, याची भाजी होते का?"

"नाही."

"मंग लावायचं कशाला?"

हे गाव पेण आणि रोह्याच्या मधलं, गागोद्याच्या अंगाला. मी राहायची रोह्याजवळ वरशाला, आईवडिलांकडे, आणि रोज स्कूटीवरून यायची. एवढ्या मोठ्या गावातून तीन घरं तयार झाली. त्यांची शेतं पायऱ्यांसारखी एकाखाली एक होती. वरचं इब्राहिमभाईंचं. ते बरीच वर्षं कुवेतला नोकरी करून परतलेले. मधलं जनूदादाचं. तो नागोठण्याच्या बाजूला कंपनीत शिफ्ट करायचा आणि शिफ्टमधून उरलेल्या वेळात शेती. खालचं हिराकाकीचं. काकी साठीची, जन्मभर भात लावलेली, आणि तिच्यासमोर दोघांचंही फार चालत नसे.

अटही काकीनेच घातली. "एक साल बघू. जमलं तर पुढच्या साली अख्खा गाव लावील. नाय जमलं तर परत वाल."

म्हणजे सगळं या एका हंगामावर होतं. मी मुद्दाम सरळ वाणाचं बी दिलं होतं, याच पिकातलं बी ठेवून पुढच्या वर्षी गावभर पेरता यावं म्हणून. त्यासाठी तिन्हींपैकी किमान एक शेत शेवटपर्यंत निरोगी राहायला हवं होतं. रोगट शेतातलं बी मी कोणाला देणार नव्हते.

एकच शेत. मला वाटलं, यात काय अवघड आहे.

•

बी देताना मी काकीला नीट दाखवून आले होते. दोन ओळींत हातभर अंतर, दोन रोपांत दीड वीत, एका जागी एक रोप.

पुढच्या फेरीला पाहिलं तर शेतात काही पेरलेलंच नाही. काकीने घरामागे राब केला होता, म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजली होती, आणि त्या भाजलेल्या तुकड्यावर सगळं बी एकत्र टाकलं होतं. भाताची रोपं करतात अगदी तशी सूर्यफुलाची गच्च रोपं उभी होती.

"काकी, हे काय?"

"रोपं. परवा लावणी हाय, जेवायला इथंच ये."

"अहो, सूर्यफुलाची लावणी नसते. बी थेट शेतात टोचायचं."

"बी टाकायचं नि इसरायचं, तसं वालाचं करतात. हे फूल हाय गो. त्याचं काय कौतुक नको?"

लावणीच्या दिवशी चार बायका ओळीत वाकून, मागे मागे सरकत सूर्यफूल लावत होत्या. हात इतका सराईत की थांबवायचा धीर होईना. जवळ जाऊन बघते तर एका जागी तीन-तीन रोपं.

"तीन कशाला, काकी?"

"एकट्याला करमत नाय."

मी चिखलात उभं राहून समजावलं. दाटी झाली की आत वारा जात नाही, दवाने पानं ओली राहतात, ओल्या पानांवर करप्याचे ठिपके येतात. एका जागचं एक ठेवा आणि दोन उपटून टाका.

काकी सरळ उभी राहिली. "जितं रोप उपटून टाकायचं? हेच शिकायला एवढ्या लांब गेलीस?"

बाकीच्या तिघीही माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी तडजोड झाली. काकी उपटायला तयार झाली, टाकायला नाही. जास्तीची रोपं तिने टोपलीत भरली आणि गावभर वाटली. महिन्याभरात प्रत्येक दारात सूर्यफूल होतं. तुळशीशेजारी, बस थांब्यामागे, शाळेच्या कुंपणाला, एक देवळापाशी, एक मशिदीच्या अंगणात.

आमच्या विषयात एक नियम सुरुवातीलाच शिकवतात. शेताच्या आसपास त्याच पिकाची इकडेतिकडे उगवलेली झाडं राहू देऊ नका, रोग तिथे मुक्काम करतो. माझ्या तीन शेतांभोवती आता अख्खं गाव फुलायच्या तयारीत उभं होतं, आणि प्रत्येक जण मला हाक मारून दाखवत होता, "म्याडम, आमचं बघा, कसं लागलंय."

•

रोग कुठला ते नक्की करायचं तर बुरशी वाढवून बघावी लागते. ती वाढवायला तिचं खाणं लागतं. ते बाजारात तयार मिळतं, पण रोह्यात कुठलं मिळायला. मी घरीच केलं. बटाटे उकडून त्यांचं पाणी गाळलं, त्यात साखर घातली, चायना ग्रास विरघळवलं, आणि काचेच्या वाट्यांत ओतून फ्रिजमध्ये ठेवलं. छान पांढुरकं, थरथरतं झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर पानाचे तुकडे ठेवायचे होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. शेतावरून आले तर फ्रिज रिकामा.

"आई, इथे वाट्या होत्या."

"संपल्या," आई आनंदात म्हणाली. "पेणहून माणसं आली होती, तुझ्यासाठी स्थळ घेऊन. आयत्या वेळी गोड काय देऊ, तर तू करून ठेवलेलं दिसलं. मी वरून वेलची घातली फक्त."

मी खुर्चीत बसले.

"मुलाच्या आईला इतकं आवडलं," आई म्हणाली, "दुसरी वाटी मागून घेतली. म्हणाली, शिकलेली असून पोरीचं घरात लक्ष दिसतं. कृती विचारलीय."

मी आईला खरं सांगितलं. आईने थोडा विचार केला.

"बुरशी होती का त्यात?"

"नव्हती. उद्या घालणार होते."

"मग झालं तर. बुरशीला दुसरं कर."

स्थळ पुढे जमलं नाही, त्याचं कारण वेगळं. पण तेव्हापासून आमच्या घरात कोणताही डबा उघडण्याआधी बाबा मोठ्याने विचारतात, "हे आपलं, का त्यांचं?"

•

कळ्या धरल्या आणि इब्राहिमभाईंचा फोन आला. "बेटा, झाडं माना टाकतात गो. दुपारची अगदीच."

जाऊन बघते तर शेतात घोट्यापर्यंत पाणी, कालव्यातून पंपाने स्वतःपुरतं ओढलेलं.

"भाई, एवढं पाणी कशाला?"

"कोमेजली ना. तहान लागली."

"कधीपासून देताय?"

"कोमेजली तवापासून. देतोय तशी आणखीच कोमेजतात, म्हणून आणखी देतोय."

मी एक रोप उपटून दाखवलं. बुंध्याशी कापसासारखी पांढरी बुरशी, आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. ही बुरशी मातीतली. उबदार, ओल्या मातीत ती बुंधा कुजवते, मग खालचं पाणी वर चढत नाही आणि झाड कोमेजतं. पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. आपल्याला वाटतं तहानलंय, म्हणून आपण आणखी पाणी देतो, बुरशी आणखी खूश होते.

भाईंनी ते दाणे तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिले.

"आणि हे दाणे पाण्याबरोबर वाहतात," मी म्हटलं. "जिथे जातील तिथे नवीन बुरशी. म्हणून पाणी बंद करा."

"बंद?"

"पूर्ण."

भाईंचा चेहरा पडला. "इतकी वर्षं वाळवंटात काढली बेटा. रोज स्वप्नात हे शेत दिसायचं, पाण्यानं भरलेलं. आता कालवा दारात आहे नि तू सांगतेस नको म्हण. दुसरं काय पण सांग."

काकी बांधावर येऊन सगळं ऐकत होती. तिने एक दाणा चिमटीत धरला. "फोडणीला चालंल का?"

वरचं शेत गेल्यात जमा होतं. उरली दोन.

•

मातीतल्या या बुरशीवर एक चांगली बुरशी असते. ती शेणखतात मिसळून, भिजवून झाडांच्या बुंध्याशी घालायची, ती वाईट बुरशीला वाढू देत नाही. तिचं नाव ट्रायकोडर्मा. गावात तिचं नाव पडलं "सईची बुरशी".

मी तिघांना समजावलं की ही औषध नाही, विष नाही, हाताला लागली तर काही होत नाही. जनूदादाने सगळं नीट ऐकलं. कंपनीत सेफ्टीचं ट्रेनिंग झालेला माणूस तो, नीट ऐकणं त्याच्या अंगात मुरलेलं.

सकाळी तो शेतात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर नळकांड्याचा मास्क, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे आणि पायांत गमबूट होते. अंगावर अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. हातात शेणाची बादली.

"दादा, अहो हे काय?"

मास्कच्या आतून आवाज आला, "काम छोटं असो मोठं असो, नियम म्हंजे नियम."

त्याला तसा बघून वाटेवरच्या घरांची दारं पटापट लागली. पोरं घरात बोलावली गेली. कोणीतरी गाईला आत नेलं. दुपारपर्यंत गावात बातमी होती की म्याडमनी कंपनीतलं काहीतरी शेतात सोडलंय.

आणि खालच्या शेतात हिराकाकी तीच बुरशी तशाच बादलीत उघड्या हातांनी कोपरापर्यंत कालवत होती, मध्येच त्याच हाताने पदर सावरत होती.

गावातल्या एकीने लांबूनच विचारलं, "काकी, तुला भ्या नाय वाटत?"

काकी म्हणाली, "त्याची कंपनीची असंल. माझी घरची हाय."

•

मग फुलं आली, आणि फुलांबरोबर माणसं. पेण, रोहा, नागोठणं, कुठून कुठून. मोटरसायकली कालव्यावर उभ्या, आणि सगळे शेतात घुसून फुलाला गाल लावून फोटो. सकाळच्या दवात रोगट झाडांतून फिरायचं आणि तेच ओले कपडे घेऊन निरोगी झाडांत शिरायचं. करप्याला याहून चांगली बससेवा मिळाली नसती.

मी पाटी लावली. "शेतात रोग आहे. आत येऊ नये."

पुढच्या रविवारी माणसं मास्क लावून आली.

जनूदादाच्या शेतात करपा दिसायला लागला होता. त्याने दाट लावलं होतं, आणि खालच्या पानांवर तपकिरी ठिपके पडत होते. मी त्याला रोज सांगायची, ठिपक्यांची पानं काढा आणि जाळा. तो रोज म्हणायचा, "सेकंड शिफ्ट हाय."

एक दिवस लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढायला आलं. बरोबर फोटोग्राफर. त्याने कॅमेऱ्यात डोळा घातला आणि म्हणाला, "दादा, खालच्या पानांवर डाग आहेत. फ्रेम खराब होतेय."

"कुठं?" जनूदादा धावला.

तासाभरात त्याने, त्याच्या बायकोने आणि नवरदेवाच्या दोन मित्रांनी अख्ख्या शेताची ठिपक्यांची पानं काढली. एक पान राहिलं नाही. मी बांधावर उभी राहून बघत होते. विद्यापीठात जाण्याऐवजी मी कॅमेरा घ्यायला हवा होता असं मला वाटून गेलं, पण तरी मला आनंद झाला. पानांचा मोठा ढीग झाला. आता फक्त काडी लावायची होती.

मी काडेपेटी आणायला काकीकडे गेले. परत आले तर फोटोग्राफर ओरडत होता, "स्लो मोशन… रेडी… उडवा."

आणि नवरानवरीने दोन्ही हातांनी तो ढीग आभाळात उधळला. वारा होता. पानं इतकी सुंदर तरंगली, शेतभर, अगदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

जनूदादा टाळ्या वाजवत होता.

आठवड्याभरात मधलं शेत गेलं. आता राहिलं फक्त काकीचं. ते स्वच्छ होतं. एका जागी एक रोप, आत वारा खेळता, पानं हिरवीगार. फुलं वाकून दाणे भरत होते. पुढच्या वर्षीचं गावभरचं बी त्या एवढ्याशा तुकड्यात होतं.

•

आणि मग कालव्याच्या पाण्याची पाळी आली.

आमच्याकडे भाताच्या शेतांत पाणी एकातून दुसऱ्यात उतरतं. वरच्याचं शेत भरलं की बांधाला पाडलेल्या वाटेने ते खालच्याला जातं, तिथून आणखी खाली. म्हणजे या पाळीचं पाणी इब्राहिमभाईंच्या शेतातून, त्या मोहरीएवढ्या दाण्यांसकट, जनूदादाच्या शेतातून काकीच्या शेतात उतरणार होतं. काकीला ते नकोच होतं. खालचं शेत, त्याची ओल आपोआप टिकते. भाईंनी आपली बांधाची वाट बंद करून पाणी बाजूच्या ओढ्यात सोडलं की काम झालं असतं.

मी हे तिघांना सांगितलं.

"खालच्याचं पाणी बंद?" इब्राहिमभाई म्हणाले. "इथं कोणी केलेलं नाही बेटा. मला नमाजाला जायचं असतं, बाजारात जायचं असतं, लोकांना तोंड दाखवायचं असतं."

"पण काकी स्वतःच सांगतेय की नको."

"ती सांगते तुला. गाव बघणार बांध."

काकी म्हणाली, "भांडण असलं तर बंद करतात. तसं एकदा झालेलं."

"मग भांडा," मी म्हटलं.

तिथेच बांधावर तालीम सुरू झाली. विषय ठरला कोंबड्यांचा. भाईंनी घसा साफ केला. "काकी, तुमच्या कोंबड्या जरा आमच्या शेतात येतात, तर…"

"हे भांडण हाय का बारशाचं आमंत्रण?"

"मंग काय बोलू?"

"माझ्या सासऱ्याचा उद्धार कर."

"त्यांनी मला नदीत पोहायला शिकवलं. त्यांना कसं बोलू?"

"मंग मला बोल."

"तुझ्या हातची भाकर खाऊन?"

जनूदादाने सुचवलं की कंपनीत करतात तशा घोषणा द्याव्यात.

पाळीच्या दिवशी सकाळी भाईंनी सगळ्यांच्या देखत बांधाची वाट चिखलाने बुजवली आणि पाणी ओढ्याकडे वळवलं. चार माणसं थांबली. काकी पदर खोचून वर आली आणि सुरू झाली. कोंबड्या आल्या, कोंबड्यांना दगड मारला हे आलं, मग आणखी माणसं आली. भाई मान खाली घालून "असं नाय, तसं नाय" म्हणत होते. एकूण बरं चाललं होतं.

मग काकी म्हणाली, "कुवेतवरनं आलास तवा अख्ख्या गावाला अत्तराच्या बाटल्या वाटल्यास. मला काय दिलंस?"

हे तालमीत नव्हतं. भाईंनी मान वर केली. "दिली की. जनूकडं दिली. तू माहेरी गेलेलीस."

सगळ्या गावाने जनूदादाकडे पाहिलं.

"त्या आठवड्यात माझी नाइट होती," जनूदादा म्हणाला.

गर्दीत त्याची बायको होती, अत्तर लावून आलेली. तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला, आणि पुढे जे झालं त्यात कोंबड्यांचा कोणी उल्लेखही केला नाही. तिघं एकमेकांवर खरोखर ओरडत होते. वाट बंद होती, पाणी ओढ्याला जात होतं, काकीचं शेत कोरडं होतं. मी अतिशय समाधानाने स्कूटी काढली आणि वरशाला गेले.

मला एवढंच माहीत नव्हतं की या गावात भांडण रात्रभर शिळं ठेवत नाहीत.

सकाळी आले तर बांधावर गावकीचे म्होरके नथूआबा बसले होते, शेजारी काकी, भाई आणि जनूदादा, हातात चहा. काकीच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. बांधाची वाट सताड उघडी होती.

"ये पोरी," आबा म्हणाले. "मिटवलं बघ. संध्याकाळीच देवळात बसवलं तिघांना. नारळ फोडला, नि आज पहाटे दोघांच्या हातनं बांध उघडायला लावला."

मी भाईंकडे पाहिलं. ते चहाकडे बघत होते. "नारळासमोर कसं सांगू बेटा, भांडण खोटं होतं म्हणून?"

"नि माझं तोवर खरं झालेलं," काकी म्हणाली.

मी खाली धावले. काकीच्या शेताचा वरचा भाग ओला झाला होता. खालचा अर्धा अजून कोरडा होता, आणि पाणी ओळीओळीने त्याच्याकडे सरकत होतं.

परत वर येऊन मी आबांना सगळं सांगितलं. ते दाणे, ते बी, पुढचं वर्ष. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे पाणी बंद पायजे."

"हो. आत्ता."

"इब्राहिमला करता येनार नाय, नारळ फुटलाय. हिरानं सगळ्यांसमोर तक्रार मागं घेतलीय. जनूचं तर नावच काढू नको."

"मी करते."

"कर. पन पाणी अडवनाऱ्यावर गाव रुसतं. लग्नाला बोलवत नाय, बारशाला बोलवत नाय."

"रुसू दे."

आबा हसले. "तुझ्यावर कसं रुसनार? तू कुठं गावची हायस? तू बांध घालशील, स्कूटी घेऊन वरशाला जाशील, नि मागं कोनपन येऊन उघडंल. परक्यानं घातलेला बांध उघडायला कोन कोनाला इचारतंय?"

मी जनूदादाच्या शेजारचं फावडं घेतलं. चिखल ओढून वाट बुजवली, वरून पायाने दाबली, पाणी ओढ्याकडे वळेपर्यंत तिथेच उभी राहिले. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही.

मग हात धुतले आणि काकीला विचारलं, "तुमच्या पडवीकडची खोली मला आजपासून राहायला द्याल का?"